बाटलीशिवाय पाण्यात

सापगाव ओलांडून मुरबाडच्या अंगाला गेलं की एक गाव लागतं. त्याचं नाव मी सांगत नाही. आपल्याच गावाची गोष्ट आहे असं समजून वाचा, म्हणजे जिथं बोचायला हवं तिथं नीट बोचेल.

या गावाच्या वरच्या बाजूला धरण आहे. सुट्टीच्या दिवशी शहरातली पोरं तिथं मजा करायला येतात, आणि वर्षातून एक-दोनदा तरी त्यातलं एखादं परत जात नाही. अशा वेळी फोन यायचा तो पोलीस पाटलांच्या घरी. सावळाराम विशे हे गावचे पोलीस पाटील. माणूस वाईट नाही हो! भाताची शेती, दारात दोन म्हशी, कुणाच्याही लग्नात पुढे आणि मयताला त्याहून पुढे. पण फोन ठेवला की ते ठरलेल्या दोनच गोष्टी सांगायचे.

"जाणूला बोलवा. आन् बाटली घ्या."

जाणू गावाबाहेरच्या कातकरी वाडीतला. वय बेचाळीस. नदीत मासे धरतच मोठा झालेला, आणि दम असा की तो बुडी मारून खाली गेला की काठावरच्यांचा जीव घाबरा व्हायचा. बुडालेलं माणूस तळातून शोधून आणायचं काम सोळा वर्षं त्याच्याकडेच होतं. त्याची रीतही ठरून गेली होती. पाण्यात उतरायच्या आधी त्याला दारूची क्वार्टर द्यायची. हातात नाही हं, दगडावर ठेवायची आणि मागे सरायचं. त्याने ती एका दमात रिकामी करायची, पाण्यात शिरायचं आणि मढं काठाला आणून लावायचं. मग गावाने पुढे यायचं आणि जाणूने लांब जाऊन बसायचं. त्या दिवशी त्याला कुणी शिवत नसे. खरं सांगायचं तर इतर दिवशीही फारसं कुणी शिवत नसे. नाक्यावरच्या हॉटेलात त्याचा चहा बाहेरच्या बाकड्यावर ठेवायचे. "मढ्याचे हात हायत बाबा त्येचे," असं म्हणून लोक वर हसायचे.

ज्या हातांमुळे आपलं माणूस शेवटचं बघायला मिळतं, त्याच हातांचा विटाळ! काय म्हणावं या शहाणपणाला?

गेल्या वर्षीच्या पौषात असाच एक फोन आला. त्या दिवशी धरणावर रंजना पष्टे नावाच्या बाई होत्या. शहापूरच्या एका शाळेत त्या मुलांना खेळ शिकवतात आणि स्वतः ट्रायथलॉन करतात. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, ओल्या अंगानेच सायकलवर बसायचं आणि सायकलवरून उतरलं की पळत सुटायचं. त्यातली मोठी शर्यत म्हणजे दोन किलोमीटर पोहणं, नव्वद किलोमीटर सायकल आणि एकवीस किलोमीटर धावणं, सगळं साडेआठ तासांच्या आत. रंजनाबाई त्याच्याच सरावाला आल्या होत्या. गर्दी बघून थांबल्या आणि त्यांनी जाणूला अकरा वेळा तळाशी जाताना पाहिलं.

"पाटील, हा माणूस खाली किती वेळ राहतो बघितलंत?" त्यांनी विचारलं.

"त्येचा धंदाच हाय तो, ताई."

"आणि ती बाटली?"

सावळाराम हसले. "ती पोटात गेल्याबिगर तो गुडघाभर पाण्यात पण जात नाय. आमचा कायदाच हाय."

"कायदा! कुणी केला?"

 पाटील पंचनाम्याच्या कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी रंजनाबाई वाडीत जाऊन धडकल्या. जाणू दारात झोपलेला होता, आणि त्याची बायको यमू करवंदीच्या फोकांची टोपली विणत होती. यमूची जीभ म्हणजे कोयताच.

"तुझ्या नवऱ्याने शर्यतीत पोहायला हवं," बाई म्हणाल्या.

"पोहायला?" यमू म्हणाली. "आधी त्येला उभा तर करा! रोज प्यायला लागलाय, ताई. पैला फकस्त मढं काढताना प्यायचा. आता काढलेली मढी आठवली का पितो."

मग यमूने सगळं सांगितलं. सोळा वर्षांपूर्वी शाळेत जाणारी एक मुलगी पाण्यात गेली होती. जाणूने तिला वर आणलं तेव्हा त्याचे हात असे थरथरत होते की तिला खाली ठेवता येईना. तेव्हा पाटलांनी खिशातून बाटली काढली. म्हणाले, घे दोन घोट, भीती मरंल.

"भीती काय मेली नाय," यमू म्हणाली. "माणूस मरत चाललाय माझा."

जाणू एव्हाना उठून बसला होता. मान खाली घालून बोलला, "ताई, शुद्धीत पाण्यात गेलो का ती समदी दिसतात. एकोणतीस हायत. एकूण एक तोंड ध्यानात हाय माझ्या."

रंजनाबाईंनी उपदेश केला नाही. बाई शहाण्या. त्या एवढंच म्हणाल्या, "जाणूदादा, मला तुमच्यासारखा दम धरायला शिकवा. बदल्यात मी तुम्हाला रेसची सायकल शिकवते. पण शिकवणी शुद्धीत घ्यायची, बोला."

 जाणू बायकोकडे बघून म्हणाला, "जमंल का गो?"

"न जमायला काय झालं? सोळा वर्सं दुसऱ्याच्या पोरांना वर काढलंस. आता सोताला काढ!"

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की झालं, आता बाटली फेकली आणि सुटली. तसं नसतं, मंडळी. अनेक वर्षांची दारू एका दिवसात सुटत नाही, आणि डॉक्टरला न विचारता एकदम सोडली तर जिवावर बेतते. रंजनाबाई त्याला ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे वीस दिवस तो तापला, थरथरला, ओरडला. यमू त्याच्या उशाशी होती. घरी आल्यावर तीन महिने दर पंधरा दिवसांनी तपासणीची वारी झाली. एकदा नाक्यावर पाय घसरलाच. दुसऱ्या दिवशी तो स्वतः पहिल्या एसटीने दवाखान्यात जाऊन बसला. मला विचाराल तर त्याची पहिली शर्यत ती.

दुसरी शर्यत पाण्याची. धरणाचं पाणी कमरेला लागलं की माणूस मागे फिरायचा. रंजनाबाईंनी पोहायचा नवा चष्मा दिला, श्वास मोजायला लावले, पण काही केल्या जमेना. दीड महिना असाच गेला. शेवटी यमूने बाईंना बाजूला केलं.

"तुमचं आकडं ऱ्हाऊ द्या, ताई," ती म्हणाली, आणि नवऱ्याला ओरडून म्हणाली, "ए, घरात कालवणाला काय नाय. त्या कपारीतून एक वाम धरून आण!"

जाणू गेला! बघता बघता कमरेइतक्या पाण्यात गेला, छातीइतक्या पाण्यात गेला, बुडी मारली आणि हातभर लांब वाम दोन्ही हातांत वळवळत घेऊन वर आला. काठावर येईपर्यंत त्याच्या लक्षातच आलं नाही की आज आपण शुद्धीत पाण्यात उतरलो. आलं तेव्हा तो खाली बसला आणि पोरासारखा रडला. यमू म्हणाली, "रड नंतर, आधी मासा सुटंल!" आणि स्वतःच पदर तोंडाला लावून बसली.

तरी एक खोड राहिलीच. जाणू सरळ पोहायचाच नाही! पंधरा हात पुढे, मग वळून पंधरा हात मागे, नांगर धरल्यासारखा. मध्येच तोंड खाली घालून तळ बघायचा. रंजनाबाईंनी अर्ध्या पाण्यात त्याला गाठलं.

"जाणूदादा, काय शोधताय?"

तो दचकला. "सवय हाय, ताई. मी पाण्यात नुसता कवा गेलोच नाय."

"आज खाली कुणी नाही. समोर ते झाड दिसतंय? तिकडे चला."

झाडाकडे सरळ जायला त्याला आणखी महिना लागला.

सायकलचं सांगत बसत नाही. रंजनाबाईंच्या जुन्या सायकलवरून तो किती वेळा पडला ते त्याचे गुडघे सांगतील. भात गिरणीवर पोती वाहून झाली की संध्याकाळी मुरबाडच्या रस्त्याला लागायचा. नाक्यावरचे रिकामटेकडे ओरडायचे, "काय रे जाणू, मढी आता सायकलवरून न्यायची का?"  तो घरी येऊन यमूला सांगायचा, आणि यमू दुसऱ्या दिवशी नाक्यावर जाऊन जे बोलायची ते इथं लिहिता येणार नाही.

अकरा महिने झाले. शर्यत याच धरणावर होती, रविवारी. आणि बुधवारी सकाळी फोन आला.

धुळ्याकडून आलेला बावीस वर्षांचा मुलगा बुडाला होता. शोध घेणारे सरकारी बोटवाले पोहोचायला संध्याकाळ होणार होती. मुलाचे वडील नाशिकला कामाला होते, ते दुपारी कसारा घाट उतरून धावत आले आणि काठावर उन्हात उभे राहिले. तेव्हा सावळाराम स्वतः मोटरसायकलवरून वाडीत आले. खिशात बाटली होतीच.

यमू दारात आडवी उभी राहिली. "नाय येणार तो! अकरा म्हयने झालेत, पाटील. चार दिसांवर रेस हाय."

"अगो, त्या बापाकडं बघवत नाय..."

"मग तुमी उतरा! मढं काढायला आमचा माणूस लागतो, आन् त्येला शिवायला गावाला लाज वाटते. ह्यो कुठला न्याय? आन् वरतून त्येला प्यायला घालता!"

"घेतल्याबिगर कोण उतरंल मढ्यासाठी? भीती वाटते माणसाला," सावळाराम म्हणाले. त्यांना ते खरंच वाटत होतं.

जाणूने रंजनाबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "दादा, नका जाऊ. आता पुन्हा सुरू झालं तर सगळं जाईल. तुम्ही नाही म्हणालात तर कुणी दोष देणार नाही."

जाणूने फोन खाली ठेवला. बायकोचा हात हळूच बाजूला केला. "त्येचा बाप उभा हाय गो उन्हात," एवढंच तो म्हणाला.

धरणावर गाव जमलं होतं. सावळारामांनी रिवाजाप्रमाणे बाटली दगडावर ठेवली आणि मागे सरले. जाणू कमरेइतक्या पाण्यात जाऊन थांबला.  त्याने बाटलीकडे पाहिलं. सगळं गाव बघत होतं. यमूने डोळे मिटून घेतले.

"पाटील," जाणू म्हणाला, "बाटली नको. हात द्या."

"काय?"

"माझ्यासंगं हितं पाण्यात उभं रा. मी वर आलो का जितं माणूस दिसाय पायजे मला. आन् मी आणीन तो तुमच्या हातात देईन."

सोळा वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं.  पाटलांनी मढ्याला हात लावायचा? तेवढ्यात त्या मुलाचे वडील पुढे झाले, चपला काढायला लागले. म्हणाले, "मी उतरतो. मी धरतो त्याला." ते ऐकून सावळारामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी त्या माणसाला खांद्याला धरून मागे बसवलं आणि पँट न दुमडता तसेच पाण्यात शिरले.

जाणूने त्यांचा हात घट्ट धरला, सोडला आणि बुडी मारली. वर आला की आधी पाटलांच्या तोंडाकडे बघायचा आणि पुन्हा खाली जायचा. सातव्या वेळी त्याने त्या मुलाला वर आणलं आणि सावळारामांच्या दोन्ही हातांवर ठेवलं.

ते ओझं, तो गारठा! सावळारामांचे हात लटलट कापायला लागले.  आणि त्यांची नजर गेली कुठे? दगडावरच्या बाटलीकडे! त्यांना घोट हवा होता. त्या क्षणी, तिथल्या तिथे, कशाहीपेक्षा जास्त हवा होता.

मुलाला वडिलांच्या स्वाधीन केल्यावर सावळाराम काठावर मटकन बसले.  यमूने दगडावरची बाटली उचलली आणि त्यांच्यापुढे धरली.

"घ्या पाटील. दोन घोट. भीती मरंल."

ते शब्द सावळारामांनी ओळखले. त्यांनी यमूला हात जोडले आणि हुंदका फुटला. "जाणू, एका मढ्यात माझी ही गत झाली रे! तू तीस काढलीस. आन् आमी काठावर उभं ऱ्हाऊन तुला पाजत ऱ्हायलो. दया समजत होतो मी त्येला!"

जाणू त्यांच्या शेजारी येऊन बसला. त्याचेही हात कापत होते. पण तो शुद्धीत होता. त्या दिवशी जाणू लांब जाऊन बसला नाही.

त्यानंतरच्या रात्री सोप्या नव्हत्या. यमू जागी राहिली, रंजनाबाई दोन दिवस वाडीतच मुक्कामाला आल्या, आणि सावळाराम रोज सकाळी येऊन "झोपला का रं?" विचारून जात. रविवार उजाडला तेव्हा एकशे बारा स्पर्धक पाण्याच्या कडेला उभे होते, मुंबईचे, पुण्याचे, नाशिकचे, आणि त्यांच्यात गुडघे फुटलेला एक जाणू.

शिट्टी झाली. जाणू सुटला. बुधवारच्या जागेवर आल्यावर तो एक क्षण थांबला, त्याचं तोंड खाली वळलं.  पण त्याने मान वर केली, शर्यतीची वाट दाखवायला समोर पाण्यावर बांधलेला लाल फुगा पाहिला आणि हात मारत निघाला, बाणासारखा सरळ. एकशे बारांत तो चौथा बाहेर आला! गावाने असा गलका केला की धरणावरचे बगळे उडाले.

सायकलवर मात्र चाळीस-पन्नास जण त्याच्या पुढे निघून गेले. वैशाखरे गावाच्या अलीकडे वारा तोंडावर आला, चेन उतरली, ती चढवताना बोट कापलं. परत येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. मग एकवीस किलोमीटर धावणं. सोळाव्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे आले आणि तो रस्त्यातच वाकला. यमू लुगडं खोचून रस्त्याच्या कडेने त्याच्या बरोबरीने निघाली.

"दुखतंय गो," तो म्हणाला.

"दुखणारच! शुद्धीत हायस तू! चल, पाय उचल."

तो हसला. खरंच हसला, आणि पाय उचलला.

आठ तास चौदा मिनिटांनी जाणू शेवटच्या रेषेवर आला. एकशे बारांत सत्त्याऐंशीवा. आधीच पोहोचलेल्या रंजनाबाई तिथं टाळ्या वाजवत रडत होत्या. माईकवर कागद बघून बोलणाऱ्या माणसाने मोठ्याने पुकारलं, "जाणू लखमा हिलम!"

धरणाच्या भिंतीवरून ते नाव घुमत परत आलं. यमू जागच्या जागी थबकली. "माझ्या सासऱ्याचं पण नाव घेतलं गो!" ती शेजारच्या अनोळखी बाईला हलवून हलवून सांगायला लागली.

जाणूचे पाय आता उभे राहत नव्हते. सावळारामांनी त्याचा हात आपल्या गळ्यात घेतला आणि त्याला सावलीत आणलं. तिथं गावातले सगळे गोळा झाले, हॉटेलवालाही होता. सावळाराम जाणूला सोडून बाजूला झाले नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"सोळा वर्सं मी पोलिसांना अहवाल लिवतोय. तीस अहवाल. परत्येकात लिवलं, 'स्थानिक इसमाच्या मदतीने प्रेत बाहेर काढले.' इसम! ह्या माणसाचं पुरं नाव मी एकदा पण लिवलं नाय. मला ठावंच नव्हतं. आज माईकवर ऐकलं. पाटील म्हणवून घ्यायची लाज वाटते मला."

 जाणू म्हणाला, "आता ठावं झालं ना, पाटील? मग झालं."

त्यानंतर ग्रामसभेत ठराव झाला, की पाण्यात कुणालाही एकटं उतरवायचं नाही. दोर लागेल, जॅकेट लागेल, गावातली दोन माणसं कमरेइतक्या पाण्यात उभी राहतील, आणि दारूचा थेंब काठावर येणार नाही. आता रविवारी सकाळी जाणू गावातल्या आणि वाडीतल्या पोरापोरींना एकत्र पोहायला शिकवतो. वर्ग सुरू झाल्यापासून एकतिसावा अहवाल लिहायची वेळ आलेली नाही. ती कधीच येऊ नये.

मंडळी, असा एक माणूस तुमच्याही गावात आहे. कुणी गटारात उतरतो, कुणी बेवारस प्रेताला खांदा देतो, कुणी आपल्याला बघवत नाही ते साफ करतो. त्याला धीर यावा म्हणून आपण त्याच्या हातात बाटली देतो आणि स्वतः लांब उभे राहतो. ती दया नव्हे, तो आपला पळपुटेपणा आहे! त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा, त्याच्या कामातलं थोडं ओझं आपल्या हातांवर घ्या, मग कळेल तो काय पेलतो ते. आणि हे सगळं उद्यावर ढकलणार असाल तर निदान आज एक करा. त्याच्याकडे जा आणि त्याचं पूर्ण नाव विचारून घ्या.